टाचमावशीचं सोमवारचं अपडेट

तिला तोंडावर कुणी टाचमावशी म्हणत नसे, पण पाठीमागे अख्खी गल्ली तेच म्हणायची आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. कुणी दुकानात शिरलं की तिची नजर आधी टाचांकडे जायची, चेहरा नंतर. "अहो, डावी टाच बाहेरून झिजलीय. कंबर दुखते का?" असं ती अनोळखी माणसाला टेकायच्या आधीच विचारायची, आणि बहुतेकांची कंबर दुखतच असायची.

तिचं काम साध्या बुटांचं नव्हतं. पावलं जन्मतःच वळलेली, अपघातात चेपलेली, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, अशा लोकांचे बूट ती करायची. नवरा गेल्यापासून दुकान तिच्या एकटीच्या जिवावर होतं. दुकान म्हणजे जिन्याखालून आत शिरणारी एक लांबट खोली. रस्त्याकडच्या खिडकीशी शिवणयंत्र, मधे चामडं टोचायच्या आऱ्या आणि कापायची रापी मांडलेला पाट, आणि मागच्या भिंतीवर छतापर्यंत लाकडी फर्मे. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पावलाची लाकडातली नक्कल. त्याच्यावर चामडं ताणून बूट बसवायचा. प्रत्येकाचा फर्मा वेगळा, आणि कुठला कुणाचा हे मावशीला अंधारात चाचपूनही सांगता यायचं.

कोपऱ्यात मात्र एक असं यंत्र होतं की नवा माणूस बघतच राहायचा. एक जुना, जाडजूड, पेटीसारखा स्कॅनर, आणि त्याच्यावर जाड काच बसवलेली लोखंडी चौकट. गिऱ्हाइकाने मोजे काढून त्यावर उभं राहायचं; खालून तळव्याचं चित्र निघायचं आणि ते आहे त्याच मापात कागदावर छापलं जायचं. घेर मावशी फितीने घ्यायची, लांबी-रुंदी त्या कागदावरून. चौकट तिच्या धाकट्या दिराने करून दिली होती. हा दीर लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणजे माणसांचं वजन कशाला पेलतं हे त्याला बरोब्बर कळायचं. बाकी बरंचसं कळत नसलं तरी तो बोलायचा, हा भाग वेगळा.

आता कुणी म्हणेल, नवा स्कॅनर घ्यायचा, त्यात काय मोठंसं. तिथेच घोडं पेंड खातं. नवे स्कॅनर असतात पातळ, आणि त्यांना काचेला चिकटलेलं तेवढंच नीट दिसतं. तळव्याचा खळगा काचेपासून वर असतो, तो त्यांच्या चित्रात नुसता धुरकट येतो. या जुन्या धुडाला खळगाही स्वच्छ दिसायचा. आणि वाकड्या पावलाचं सगळं दुखणं तिथेच असतं. तो स्कॅनर गेला असता तर मावशीचे डोळेच गेले असते.

तर झालं असं, की मावशीच्या कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम कंपनीने वाऱ्यावर सोडली. इस्पितळातले हाडांचे डॉक्टर तिला एक्स-रे ईमेलने पाठवायचे. तिथल्या कॉम्प्युटर विभागाने कळवलं की असल्या म्हाताऱ्या सिस्टीमला आम्ही फायली पाठवणार नाही. ठीक, नवी सिस्टीम घातली. नव्या सिस्टीमने स्कॅनरला ओळखच दाखवली नाही. स्कॅनर बनवणाऱ्यांना फोन केला तर पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, हे मॉडेल आता आम्ही सांभाळत नाही, नवीन घ्या. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. "चालती-बोलती वस्तू आणि म्हणे सांभाळत नाही. म्हातारी झाली म्हणून आईला बाहेर काढतात का हे लोक?"

त्या वेळी दीर जिन्यावरून खाली आला, पेनड्राइव्ह किल्लीसारखा बोटात फिरवत. "वहिनी, मी लिनक्स टाकून बघतो."

"भाऊजी, मागे तुम्ही मिक्सर दुरुस्त केला होतात. तो अजून उलटा फिरतो."

"हे मी बनवलेलं नाहीये, म्हणून चालेल," दीर म्हणाला.

त्याने समजावलं ते असं. लिनक्स हीही एक सिस्टीमच, पण कुठल्या कंपनीची नाही. जगभरातले लोक मिळून चालवतात. कुणी पगारी, बरेचसे हौशी. आपल्या घरच्या जुन्या वस्तू फेकायला लागू नयेत म्हणून कुणी ना कुणी त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहून ठेवतो. मावशी हाताची घडी घालून ऐकत होती. तासाभरात सिस्टीम बसली, दिराने स्कॅनरची वायर खोचली, आणि त्या धुडाने घरघर करून दिवा पेटवला. मावशीने तिथल्या तिथे चप्पल काढली आणि काचेवर उभी राहिली. पडद्यावर तिचा तळवा उमटला, खळग्यासकट. ती इतकी खूश झाली की दिराला दोन वेळा चहा मिळाला, आणि मिक्सरचा विषय कायमचा मिटला.

"पण एक आहे," दीर चहा फुंकत म्हणाला. "याला अपडेट ठेवायचं. हे लोक सारखी डागडुजी करत असतात. ती घेत राहिलात तर वर्षानुवर्षं चालेल. नाही घेतलीत तर एक दिवस पुन्हा तीच गत."

हे मावशीला सांगायची गरजच नव्हती. तळ झिजायच्या आधी बदलला तर बूट टिकतो, पार झिजल्यावर आणला तर वरचं चामडंही जातं, हे ती जन्मभर लोकांना ओरडून सांगत आली होती. तिने सोमवार धरला. सकाळी दुकान उघडलं की आधी कॉम्प्युटर, मग झाडू. पडद्यावरच्या काळ्या चौकोनात दोन ओळी टाइप करायच्या, काय काय येतंय ते चष्मा लावून वाचायचं, आणि होय म्हणायचं. पहिल्या सोमवारी पासवर्ड लिहिताना पडद्यावर अक्षरंच दिसेनात, म्हणून तिने कीबोर्ड उलटा करून झटकला होता. वर्षभरात हात असा बसला की मोठं अपडेटही, म्हणजे अख्खी आवृत्ती बदलायचं, तिने एकटीने केलं. दीर नुसता शेजारी बसून बिस्किटं खात होता.

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग नर्सबाईंचा बूट चावला.

या नर्सबाई इस्पितळातल्या वॉर्डात दिवसभर उभ्या असायच्या. उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. कित्येक वर्षं बूट मावशीकडचेच. या खेपेला नवा जोड करायचा म्हणून मावशीने पाऊल स्कॅन केलं, कागद जुन्या फर्म्यावर लावला आणि भुवया वर केल्या. कागदावरचं पाऊल फर्म्यापेक्षा आखूड होतं, नखभर. रुंदी तंतोतंत तीच. डावा पायही आखूड निघाला, पण तो चांगला पाय, त्याच्याकडे बघतो कोण. डाव्याचा बूट तिने जुन्याच फर्म्यावर चढवला.

कुठलाही साधा माणूस म्हणाला असता, काहीतरी चुकलंय. मावशी तसं म्हणाली नाही, कारण तिला जास्त माहीत होतं. अशी वळलेली पावलं वयाबरोबर आखडतात. शिरा ओढल्या जातात, खळगा वर चढतो, लांबी कमी होते. तिने असं दहा ठिकाणी पाहिलं होतं. "आखडलं गं बाई," ती मनाशी म्हणाली, आणि कानस घेऊन तिने तो वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला फर्मा पुढून घासला.

नर्सबाई बूट घालून दोन दिवसांत परत आल्या. "मावशी, बोटं दुखतात. आजवर असं कधी झालं नव्हतं."

मावशीने बोटं पाहिली. लाल झाली होती. तिने पुन्हा स्कॅन केलं. पाऊल तेवढंच आखूड. मग सूज असेल, शिवणीने चामडं ओढलं असेल, असं म्हणत तिने दुसरा बूट केला. तोही चावला. या वेळी नर्सबाईंनी बूट पिशवीत घालून आणला आणि नुसता पाटावर ठेवला. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. चार शब्द सुनावले असते तर बरं, असं मावशीला झालं. त्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. माणूस सज्जन, म्हणून घुटमळत बोलला: बाईंना सध्या बसून करायचं काम दिलंय, आणि पुढचे दोन पेशंट मी दुसरीकडे पाठवले तर तुम्ही राग मानू नका.

मावशीला पहिलं आठवलं ते लेकीला दिलेलं वचन. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती आणि कधीपासून मागे लागली होती, आई, आता पुरे, माझ्याकडे ये. दर वेळी मावशी एकच सांगायची: "माझ्या हातचा बूट ज्या दिवशी कुणाला चावेल, त्या दिवशी मीच कुलूप घालीन. तोवर नाव काढायचं नाही." मोठ्या तोऱ्यात सांगायची. आता तिनेच फोन करून लेकीला सगळं सांगितलं, कारण लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. लेक हळू आवाजात म्हणाली, "आई, वय होतं ग माणसाचं. मी दोन आठवड्यांनी सोमवारी येते. दुकानाच्या खोलीचं काय ते बोलून टाकू."

फोन ठेवल्यावर मावशी आपल्या हातांकडे बघत बसली. बोटं कापत नव्हती. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जात होता. मग नेमकं काय गेलं? डोळा? अंदाज? ती चांगलीच रडली, आणि रडून झाल्यावर तिला भयंकर राग आला. हा राग तिच्या कामाचा निघाला. ती उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. पाऊल आखडेल, सुजेल, हात चुकेल, डोळा फसेल. पण लाकूड? तिने वरच्या फळीवरचा एक फर्मा काढला, एका निवृत्त मास्तरांचा, कित्येक महिन्यांत हात न लागलेला. तो काचेवर ठेवला, कपडा पांघरला, स्कॅन केला, कागद छापला. मग फर्मा कागदावर ठेवला.

फर्म्याचं नाक कागदावरच्या रेघेबाहेर आलं होतं. नखभर. रुंदी तंतोतंत. तिने दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. सगळेच आखडलेले.

मग तिने ज्या आवाजात दिराला हाक मारली तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत सरळ पोचला. तो तोंडाला साबण तसाच घेऊन खाली आला.

"भाऊजी, माझ्या भिंतीवरची सगळी लाकडं एका रात्रीत आखडली. तुम्हाला पटतं का?"

दिराने कागद पाहिले, प्रिंटरवर ठरावीक मापाची एक पट्टी छापून फितीने मोजली. ती बरोबर निघाली, म्हणजे दोष प्रिंटरचा नव्हता. मग त्याने कॉम्प्युटरलाच विचारलं, गेल्या काही आठवड्यांत काय काय बदललं. स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम नवा आला होता, नर्सबाईंच्या स्कॅनच्या आदल्या सोमवारी. दिव्याची गाडी काचेखालून सरकते, ती किती सरकली याचा हिशेब त्या नव्या प्रोग्रॅममध्ये चुकत होता. म्हणून रुंदी बरोबर आणि लांबी कमी.

मावशी स्टुलावर बसली. जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ तिने कपाळावर हात मारला. "मी चांगला फर्मा घासला. हातचं सोनं कानशीने घासलं मी."

"वहिनी, सोपं आहे," दीर म्हणाला. "जुना प्रोग्रॅम परत घालतो आणि त्याला कुलूप लावतो. पुन्हा अपडेटच नको. बघा, चाललेल्या गोष्टीला हात लावला की असं होतं."

हे ऐकायला फार बरं वाटलं असतं, आणि क्षणभर तिला वाटलंही. पण ती मान हलवत म्हणाली, "आणि मग? पुन्हा म्हातारी सिस्टीम, पुन्हा इस्पितळ म्हणणार फायली नाही. आणि दुसरं. हा स्कॅनर जगात माझ्या एकटीकडेच आहे का? अजून कुठेतरी कुणी बूट करत असेल, कुणी नकली दात करत असेल. त्यांची लाकडं आखडली त्याचं काय? मला त्या लोकांना सांगायचंय. कुठे सांगायचं ते दाखवा."

दिराने पान उघडून दिलं. तिथे प्रत्येकाला टोपणनाव लागतं. तिने बेधडक 'टाच' असं लिहिलं. मग दोन बोटांनी टाइप करत तिने तक्रार लिहिली, आणि ती अशी लिहिली की दिराला एक शब्द बदलावा लागला नाही. काय ठेवलं, काय आलं, कुठल्या दिशेने कमी, कुठल्या दिशेने बरोबर. फर्म्याचा आणि कागदाचा फोटो जोडला. शेवटी एक ओळ घातली: लाकूड आखडत नाही, म्हणून चूक तुमची आहे, पण मी रागावलेले नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं खारूताई. बाई की बुवा ते शेवटपर्यंत कळलं नाही. खारूताईने लिहिलं होतं, इतकी स्वच्छ तक्रार आम्हाला क्वचित मिळते. चूक बहुधा सापडली आहे. पण आमच्यापैकी कुणाकडेच हा स्कॅनर उरलेला नाही, त्यामुळे दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे आम्हाला कळायचा मार्ग नाही. तुम्ही तपासून द्याल का?

"म्हणजे," मावशी सावकाश म्हणाली, "ही गोष्ट माझ्याशिवाय होणार नाही."

"तुमच्याशिवाय आणि मास्तरांच्या फर्म्याशिवाय," दीर म्हणाला.

पहिली दुरुस्ती आली ती मापापेक्षा लांब निघाली. मावशीने कळवलं: आता लाकूड वाढलंय, तेही वाढत नाही. खारूताईने हसरा चेहरा धाडला आणि संध्याकाळपर्यंत दुसरी दुरुस्ती. मावशीने फर्मा ठेवला, छापलं, कागदावर फर्मा टेकवला. वाकून, डोळा कडेशी लावून बघितलं. रेघ लाकडाखाली बरोब्बर नाहीशी झाली होती, टाचेपासून नाकापर्यंत. तिने खात्रीसाठी भिंतीवरचे एकामागून एक फर्मे उतरवले आणि दिराला सगळे परत चढवायला लावले. मग लिहिलं: बरोबर. अगदी बरोबर.

त्याच दुरुस्तीवर तिने नर्सबाईंना बोलावून पुन्हा पाऊल घेतलं. पाऊल जसंच्या तसं होतं, इतक्या वर्षांत तसूभरही आखडलेलं नाही. मावशीने झालेलं सगळं त्यांना सांगून टाकलं, फर्मा घासल्यासकट. नर्सबाई म्हणाल्या, "मला वाटलं माझाच पाय बिघडला. आता नोकरी सोडावी लागणार म्हणून मी घरी बोललेही नाही." दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसताना दोघींचेही डोळे भरले. मावशीने नवं लाकूड घेतलं आणि फर्मा पहिल्यापासून कोरला.

ठरल्या सोमवारी लेक आली. मावशी कॉम्प्युटरपुढे बसली होती. "थांब, अपडेट होऊ दे," ती म्हणाली, आणि लेक बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली. पडद्यावर नावं सरकत होती. मधेच स्कॅनरच्या प्रोग्रॅमचं नाव आलं, आणि मावशीने त्यावर बोट ठेवलं.

"हे माझं."

"तुझं म्हणजे?"

"म्हणजे चूक मी धरली, आणि बरोबर आहे हे मी सांगितलं, म्हणून हे आलं. आज ज्याच्या ज्याच्याकडे हा स्कॅनर आहे, त्या सगळ्यांकडे हेच येतंय." तिने होय म्हटलं. काय बदललं ते लिहिलेल्या मजकुरात एक ओळ होती: तपासणीबद्दल टाच यांचे आभार. लेकीने ती ओळ दोनदा वाचली आणि आईकडे पाहिलं, जणू या बाईशी तिची आत्ताच कुणीतरी ओळख करून दिली होती.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. मावशीने पाटाखालून नवा जोड काढला. नर्सबाईंनी नाड्या बांधल्या, उभ्या राहिल्या, आणि दाराबाहेर पडल्या. खिडकीतून त्या दिसत होत्या. आधी जपून, भिंतीच्या आधाराने. मग भिंत सोडून. मग गल्लीच्या टोकापर्यंत भराभरा, आणि तिथून वळून परत, त्याहून जास्त भराभरा. मावशी खिडकीशी उभी राहून फक्त उजव्या टाचेकडे बघत होती. टाच सपाट टेकत होती, प्रत्येक पावलाला.

नर्सबाई दारातूनच म्हणाल्या, "मावशी, जुने बूट नंतर नेते. मी वॉर्डात उभं राहायला परत येते असं सांगून येते, आत्ताच." आणि नव्या बुटांनीच निघाल्या.

मावशीने पदराने डोळे पुसले आणि लेकीकडे वळली. "हं. बोल आता. खोलीचं काय म्हणत होतीस?"

लेकीने बॅग खाली ठेवली. एकदा फर्म्यांच्या भिंतीकडे पाहिलं. मग स्टुलावर बसून तिने पायातले महागडे विकतचे बूट काढले. दोन्ही टाचांना फोड होते. "आई," ती म्हणाली, "माझे एकदा करशील का?"

"मोजेही काढ," मावशी म्हणाली, "आणि काचेवर सरळ उभी राहा."